कोपर धरा, बोट धरू नका

मित्रांनो, मला हातात घेण्याआधी जरा थांबा. तुमचा हात कसा आहे ते आधी मला पाहू द्या. मी एक जुनी लाकडी अक्षरपाटी आहे आणि हातांच्या बाबतीत फार संशयी आहे. माझ्या अंगावरून खरे बोलणारी बोटे फिरली आहेत, तशी खोटे बोलायला लावलेलीही फिरली आहेत.

माझा जन्म एका फ्रेमवाल्याच्या दुकानात झाला. लोकांचे लग्नाचे, बक्षिसाचे आणि गेलेल्या माणसांचे फोटो तो चौकटीत बसवून देत असे. त्याला एकच मुलगी. तिची आई ती तान्ही असतानाच गेली आणि आत्या घर सांभाळायला आली. मुलीचे हात तिच्या मनाविरुद्ध भलतीकडे वळत, मान गरकन फिरे, म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणत. जीभही तिचे ऐकत नसे. डोके मात्र लख्ख होते. आत्याने तिला अक्षरे शिकवली होती, पण ती किती शिकली हे कळायला मार्गच नव्हता.

भिंगरी सात वर्षांची असताना बाबाने एक रविवार दुकान बंद ठेवले. फ्रेमच्या पाठीला लावायची एक जाड फळी घेतली, पॉलिशपेपरने घासली आणि तापल्या सळईने माझ्यावर अक्षरे डागली. शेवटच्या ओळीत काना, मात्रा, वेलांट्या, उकार; कोपऱ्यात ‘हो’ आणि ‘नाही’. वर गोल भोके पाडलेली दुसरी पातळ फळी बसवली. थरथरणारे बोट घसरले तरी कुठल्या तरी एका खळग्यात त्याला थारा मिळावा, एवढाच हेतू. माझ्या सपाट पाठीवर त्याने लिहिले, ‘कोपर धरा, बोट धरू नका.’ हा आमच्या घरचा कायदा. कोपराला आधार मिळाला की हात तोलला जातो. जायचे कुठे ते बोटच ठरवते.

पहिला शब्द काय येणार म्हणून घर श्वास रोखून बसले होते. बाबाला वाटले, ‘बाबा’ येणार. आत्या एका हाताने घास भरवत होती. बोट गेले ‘प’वर, मग उकारावर, मग ‘र’वर आणि शेवटी मात्रेवर. पुरे.

“पुरे? सात वर्षं जेवू घालतेय मी, आणि पहिला शब्द हा?” आत्या म्हणाली आणि घास तसाच हातात धरून हसू लागली. हसता हसता रडू लागली.

माझे चांगले दिवस होते ते! शाळेतली उत्तरे, भांडणे, विनोद, सगळे माझ्यावरून झाले. पण एकदा शिक्षिका सहलीचे विचारायला घरी आल्या. “वाटेत काही झालं तर?” असे आत्या आदल्या दिवसापासून पुटपुटत होती. शिक्षिकांनी भिंगरीला विचारले, “येणार ना गं?” आत्याने कोपर सोडून तिचे बोटच पकडले आणि ‘नाही’च्या खळग्यात दाबले. शिक्षिका हळहळल्या, निघून गेल्या. त्या फाटकाबाहेर पडतात न पडतात तोच भिंगरीने आत्याच्या मनगटाचा असा चावा घेतला, की त्याचा व्रण अजून आहे. पण सहल गेली ती गेलीच.

तेव्हापासून आत्याचा हात जवळ आला की माझे लाकूड ताठ होई. बाबाचा संशय मात्र मला कधी आला नाही. त्याने बोटाला कधी स्पर्शही केला नाही. त्याची एकच खोड होती. दोन अक्षरे झाली की तो शब्द स्वतःच पुरा करी. ‘पा’ आले की पाण्याचा पेला हजर. तिला म्हणायचे असे, ‘पान उलटा.’ भिंगरी निमूटपणे पाणी पिई. मला ते कौतुकाचे वाटे.

पुढे बोलणारा फोन आला. त्यावर बोट ठेवले की आतून एक बाई ठणठणीत आवाजात बोले. मी स्वयंपाकघरात गेले. माझ्यावर गरम पातेली ठेवू लागले. ‘क’पासून ‘घ’पर्यंत माझ्या अंगावर एक काळे कडे उठले. 

भिंगरीला अठरावे वर्ष लागून सरले, तशी ती मतदार यादीत नाव घालायचे म्हणून हटून बसली. फॉर्म आला. ‘अपंगत्व आहे का, कोणती मदत लागेल’ असा एक रकाना होता. आत्या म्हणाली, “तो मोकळाच सोडा. उगाच जगभर डांगोरा कशाला?” फोनमधली बाई म्हणाली, “भरा. नाहीतर केंद्रावर माझ्या चाकांच्या खुर्चीपुढे पायऱ्याच असतील.” रकाना भरला गेला.

आठवड्याने पडताळणीला एक कारकून आला. भिंगरीकडे पाहून तो बाबाला म्हणाला, “हिला कळतं का सगळं?”

“मला विचारा,” फोन म्हणाला.

कारकून दचकला. “हे आधी भरून ठेवलेलं नाही कशावरून? यंत्राचं मी काही लिहून घेणार नाही.”

तेव्हा माझी आठवण झाली. आत्याने मला पातेल्याखालून ओढले, पुसले आणि भिंगरीच्या मांडीवर ठेवले. कारकुनाने बाबाला आणि आत्याला बाहेर उभे केले, माझी पाठ वाचली आणि स्वतः भिंगरीचे कोपर धरले. त्याचा हात घामेजला होता, पण बोटाकडे सरकला नाही. “विचारतो हं. तुमची जन्मतारीख सांगा.”

भिंगरीचे बोट निघाले. ओ. ळ. ख. प. मग ‘त्र’ शोधायला बराच वेळ गेला. कारकून वाचत होता, “ओळखपत्र... ते आहे हो माझ्याकडे तुमचं.” बोट थांबेना. तु. म. चं.

“माझं?” कारकून म्हणाला. मग खिसे चाचपत त्याने स्वतःचे ओळखपत्र काढले आणि तिच्या डोळ्यांसमोर धरले. तिने ते सावकाश वाचले, फोटो ताडून पाहिला, आणि मगच जन्मतारीख सांगितली. जाताना तो बाबाला म्हणाला, “अहो, वीस वर्षांत मला कोणी विचारलं नव्हतं!”

यादीत नाव आले. पण आता घराभोवती कुजबुज सुरू झाली. मत द्यायला आत एक सोबती नेता येत असे, आणि तो कोण ते भिंगरीने ठरवायचे होते. बाबाने धुतलेला सदरा काढून ठेवला होता. शेजारीपाजारी डोळे मिचकावत म्हणत, “म्हणजे फ्रेमवाल्याची दोन मतं!” भिंगरी ते सगळे ऐके.

मतदानाच्या दिवशी केंद्राच्या पायऱ्यांवर लाकडी उतार टाकलेला होता. तो हलतो का हे मी आधी पाहिले. नव्हता हलत. दारात फोन काढून घेतले, म्हणून बोलायला मीच उरले. अधिकारी बाईंनी विचारले, “सोबत कोण?”

बाबा पुढे झाला. भिंगरीचे बोट ‘आ’वर गेले.

“आम्ही दोघंच, असं म्हणतेय,” बाबा म्हणाला.

“तिला संपवू द्या,” बाई म्हणाल्या.

आ, त, या. आत्या! माझा माझ्याच अक्षरांवर विश्वास बसेना. बाबाचा चेहरा पडला. “तिला? जिने तुझं बोट...”

भिंगरीने पुढचे शब्द इतके सावकाश लावले की मागची रांग चुळबुळू लागली. ‘ती मला घाबरते. तुम्ही पुरं करता.’

मित्रांनो, इतकी वर्षे मी नको त्या हातावर नजर ठेवून होते.

आत्याने गुप्ततेच्या कागदावर सही केली. त्या वेळी उमेदवार इतके होते, की यंत्राऐवजी कागदी मतपत्रिका आणि शिक्का होता. आडोशामागचे टेबल चाकांच्या खुर्चीला फार उंच होते, म्हणून बाईंच्या परवानगीने मला पालथे करून मतपत्रिका माझ्या पाठीवर ठेवली. भिंगरीने शिक्का मुठीत धरला. आत्याने व्रण असलेल्या हाताने कोपर तोलले आणि तोंड भिंतीकडे फिरवले.

“मी बघत नाहीये गं. भेगा मोजतेय. चार आहेत. तू घे तुझा वेळ.”

मूठ हेलकावली, खाली आली, पुन्हा उचलली गेली. मग तिने सगळा जोर लावून शिक्का उमटवला. तो दाब माझ्या पाठीवर नेमका कुठे लागला, ते मला ठाऊक आहे. विचारू नका.

बाहेर बाबा वाट पाहत होता. राहवेना म्हणून त्याने विचारलेच, “कोणाला गं?”

मी मांडीवर सुलटी होते. आत्याने कोपर धरले. बोट ‘प’वर गेले, मग उकारावर. बाबाने तोंड उघडले. मग मिटले. तो वाकून उभा राहिला, गुडघ्यांवर हात ठेवून, आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा शेवटच्या अक्षरापर्यंत थांबला.

पुरे.

आता मी भिंगरीच्या खुर्चीला दोरीने बांधलेली असते. पातेल्यांना दुसरे काहीतरी शोधले आहे. मित्रांनो, तुमच्या घरात, वर्गात अशी कोणी ताई, असा कोणी दादा असेल, तर अठरा झाल्यावर त्याचे नाव यादीत आहे ना, ते त्यालाच विचारा. आणि त्याचे उत्तर येत असेल, तेव्हा कोपर धरा आणि थांबा. शब्द त्याचा आहे. तो त्यालाच संपवू द्या.