गुणाजीकाकांचे ओठ हलले तेव्हा

या मित्रांनो, अगदी जवळ सरका. आज एक खरी घडलेली कथा सांगतो. आठवली की अजून माझ्या पोलादावर काटा येतो.

मी एक जुना ऑक्सिजन चेंबर आहे. मरोळच्या एका वर्कशॉपमध्ये माझा जन्म झाला आणि घाटकोपरच्या एका छोट्या रुग्णालयात मी कामाला लागलो. माझ्या पोटात सहा खुर्च्या. दार लागलं की आत हवेचा दाब वाढतो, माणसं मास्कमधून शुद्ध प्राणवायू घेतात आणि हट्टी जखमा भरू लागतात. आधी माझं केवढं कौतुक झालं! पुढे रंग उडाला, लोक मला 'टाकी' म्हणू लागले. असो.

गुणाजीकाका माझे लाडके. मधुमेहाने त्यांच्या पायाची जखम भरत नव्हती. पाऊल कापावं लागेल, असं डॉक्टर म्हणाले होते. काकांना तर चाळीच्या सप्ताहात कीर्तनकारामागे उभं राहून टाळ धरायचे होते.

माझ्या पोटात एक नियम आहे. दर अर्ध्या तासाने पाच मिनिटं मास्क काढून साधी हवा घ्यायची. कारण दाबाखाली प्राणवायूचा अतिरेक झाला, तर तो मेंदूला विषासारखा चढतो.

"काका, मास्क काढा," आत बसलेली नर्स द्रौपदी म्हणाली.

"प्रसाद कोण परत करतो गो?" काका हसले. मास्क काढला, आणि तिची पाठ वळताच पुन्हा चढवला.

काही वेळाने पारदर्शक मास्कआड त्यांचे ओठ हलू लागले. जप चाललाय, असं समजून द्रौपदीने आदराने नजर वळवली. मलाही तसंच वाटलं! पायाच्या तशाच जखमेसाठी येणाऱ्या, समोर बसलेल्या मार्सेलिनाबाई मात्र स्वतःचा मास्क खाली ओढून ओरडल्या, "अगं, जप नाय तो! मी रोज माळ जपते, मला कळतं. ओठाचा एकच कोपरा उडतोय त्यांचा!"

तोवर काका ताठ झाले. डोळे फिरले, हातपाय झटके देऊ लागले. मित्रांनो, मी हादरलो. ज्या वायूने मी माणसं बरी करतो, त्याच वायूने हे करावं?

द्रौपदीने काकांचा मास्क खेचून काढला. बाहेर यंत्रावर बसलेल्या मेलरॉयचा हात दाब सोडायला पुढे गेला.

"थांब रे मेलरॉय!" द्रौपदी आतल्या माइकवर ओरडली. "श्वास अडकलाय त्यांचा. आता दाब सोडलास तर फुफ्फुसं फाटतील!"

"मग काय नुसता बघत बसू?"

"हो! बघत बस!"

केवढं लांबलं ते एक मिनिट! मग झटके थांबले, आणि घशातून घर्रकन श्वास आला. हळूहळू दाब उतरला. काकांनी डोळे उघडले. "माझो मास्क खंय?"

"अजून मास्क मागतायत! हात लावून तर बघा!" द्रौपदी रडत ओरडली.

पुढे काकांचा पाय बरा झाला, सप्ताहात ते उभेही राहिले. मित्रांनो, प्राणवायूसारख्या अमृतालाही माप असतं. ते पाळा. आणि देवापुढे हात जोडाल, तेव्हा एकदा मार्सेलिनाबाईंचं नाव घ्या. काकांचा जीव त्यांच्या नजरेने वाचला. त्यांचा स्वतःचा पाय मात्र मला वाचवता आला नाही.