फेरपंचनामा

पूर ओसरला त्याच्या तिसऱ्या दिवशी मी शेत साफ केलं. आडवा पडलेला मका उपटला, गाळ ओढला, नवं बी टोकलं. सडकं मला बघवत नाही, ही माझी जुनी खोड. पंधराव्या दिवशी सरकारी साहेब आला, स्वच्छ वावर बघून त्यानं कागदावर 'नुकसान नाही' असं लिहिलं आणि गेला. शेजारच्या वावरात माझ्या धाकट्या दिरानं गाळाला बोटही लावलं नव्हतं. त्याला पुरती मदत मिळाली.

आमची पाण्याची मोटर पुरानं नेली होती. मदत आली तर मोटर येणार, नाहीतर नवा मकाही वाळून जाणार. मी अर्जावर अर्ज केले. आज साहेब पुन्हा येणार होता.

सकाळी बघते तर आमचे हे कुदळ घेऊन वावरात. वीतभर उंचीचा मका सपासप खाली लोळत होता.

"अहो, हे काय चाललंय?"

"पूर आणतोय. साहेबाला दाखवायला."

"कंबर मोडून लावलाय मी तो!"

"म्हणूनच तर! तुझ्या झाडलोटीनंच घालवलं सगळं."

मी कुदळीचा दांडा धरला. यांनी हिसका दिला, कोपर माझ्या गालफडावर बसलं आणि तोंडात रक्ताची चव आली. बांधावर दीर बसला होता, दात कोरत.

"दादा, वहिनीला चार दिवस माझ्याकडं पाठव की. माझाही गाळ काढायचाय. आता मजुरी द्यायला पैसे आहेत माझ्याकडं."

यांनी कुदळ टाकली, तेवढी अक्कल शिल्लक होती. मग दिराच्या नरडीलाच हात घातला. दोघं बांधावरून गडगडत आमच्या मक्यात आले. यांनी त्याचं तोंड चिखलात दाबलं. त्यानं यांचा कान चावला, असा की पाळी लोंबायला लागली. एका आईच्या कुशीत झोपलेली ही पोरं, आणि एकमेकांचे डोळे फोडायला निघालेली. एकेका लोळणीत माझी एकेक ओळ जात होती.

शेवटी मीच कुदळ उचलली. दांड्यानं एक यांच्या पाठीत, दोन दिराच्या. एक जास्तीचा त्या मजुरीबद्दल.

दोघं कण्हत बसले, तोवर बांधावर साहेब उभा. त्यानं वावर बघितलं. एक रोप धड नव्हतं.

"बराच फटका बसलाय की," तो म्हणाला.

मला खोटं पचत नाही. "साहेब, पुरानं नेलं ते मी कधीच साफ केलं. हे माणसांनी केलंय."

त्यानं माझा सुजलेला गाल बघितला, यांचा कान बघितला. मग कागद उलटापालटा केला.

"यात पूर आहे, वादळ आहे, गारपीट आहे. माणसांचा रकाना नाही, बाई. पूर लिहितो. शंभर टक्के."

दीर चिखल थुंकत हसायला लागला. यांनाही हसू आलं, कान धरून.

साहेबानं फोटोसाठी मोबाइल वर धरला आणि लगेच खाली घेतला.

"बाई, फोटो निघेपर्यंत तरी हात आवरा!"

बघते तर मी खाली बसून रोपं उभी करत होते. तीन झालीही होती.