तीन ओळी, एक दम

चिमणी चाळिशीला टेकली, तरी आत्या तिला चिमणीच म्हणायची. लोकांच्या स्वरलिप्या संगणकावर स्वच्छ उतरवायच्या, प्रत्येक वादकाचं पान वेगळं काढून द्यायचं, हा तिचा वीस वर्षांचा व्यवसाय. दुसऱ्यांच्या सुरांची धुणी धुता धुता तिने स्वतःचंही एक वस्त्र विणलं होतं: अख्ख्या वाद्यवृंदासाठी, अकरा मिनिटांचं. नाट्यगृहाचा वाद्यवृंद यंदा एकच नवी रचना वाजवणार होता. संचालकांनी बजावलं होतं, "शुक्रवारी पाचपर्यंत पानं पाठवा. आणि सोबत ऐकायलाही काहीतरी. नुसती पानं बघून आमच्या समितीला झोप येते."

आज शुक्रवार. दुपारचे दोन. आणि घोडं लायब्ररीपाशी पेंड खात होतं.

ही लायब्ररी पुस्तकांची नव्हे, आवाजांची. कुणा वादकांनी कुठल्याशा सभागृहात एकेक सूर वाजवलेला, कुणी तो टिपून ठेवलेला. आपण पडद्यावर टिंब ठेवावं, आणि त्या अनोळखी माणसाचा सूर टिंबामागून उठून यावा. सहा लायब्रऱ्या ऐकून चिमणीने चार बाजूला सारल्या होत्या. उरलेल्या दोघींपैकी एक मखमली: व्हायोलिनं कशी सायीसारखी, प्रत्येक सुराला सभागृहाचा घुमारा. दुसरी कोरडी ठणठणीत. पण पानावर जे लिहाल ते निमूट वाचणारी. गेले सहा महिने चिमणीने मखमली कानाशी धरूनच सगळं लिहिलं होतं.

"आत्या, ऐक गं जरा. ही मखमलीच पाठवते."

आत्या खिडकीशी मटार सोलत बसली होती. त्याच वाद्यवृंदात तिने तीस वर्षं ओबो वाजवला होता. सनईच्या नात्यातलं हे वाद्य. दातांनी साथ सोडली तेव्हापासून कपाटात निजलेलं.

ओबोची धून सुरू झाली. पहिली ओळ गेली, दुसरी गेली. आत्याचा हात शेंगेवरच थांबला. तिसऱ्या ओळीला तिचे गाल लाल झाले, डोळे विस्फारले, आणि मांडीवरची वाटी कलंडून मटार घरभर पळाले.

"आत्या! काय झालं?"

आत्याने भस्सकन हवा सोडली. "काय व्हायचंय? वाजवत होते मी मनातल्या मनात. अगं, तीन ओळी एका दमात? तुझी ओबोवाली बाई आहे की मासळी?"

"संगणकाला कुठे श्वास लागतो?"

"मग समितीसमोर संगणकालाच बसव काळा झगा घालून."

चिमणी हसली, पण हसता हसता तिने ओबोचं पान पुन्हा उघडलं. दुसऱ्यांच्या पानांवर असली चूक तिने शंभरदा लाल केली असती. स्वतःच्या पानावर मात्र मखमलीने तिचे कान झोपवले होते.

आत्या खुर्ची ओढून जवळ आली. "आणि ओबोत हवा कमी नाही पडत, चिमणे. फुंकायची फट एवढीशी, हवा आपल्या छातीतच कोंडते. आधी जुनी सोडायची, मग नवी घ्यायची. दोन कामं आहेत ती." आणि शिष्यांना शिकवायची ती जुनी ओवी तिने बोटाने ताल धरत म्हटली:

"जुना वारा सोड बाई, मग नवा वारा भर
दोहींच्या गं उंबऱ्यात, घटकाभर बसे सूर."

मग चिमणी ती धून गायला लागली आणि आत्या छापलेल्या पानावर पेन्सिल धरून बसली.

"इथे तुटला दम. इथे खूण करायची?" चिमणीने विचारलं.

"तुटतो तिथे नाही गं. त्याच्या आधी. पाय घसरायच्या आधीच माणूस भिंत धरतो ना?"

दुसऱ्या ओळीच्या शेवटी एक उंच सूर होता, चिमणीचा जीव की प्राण. तो राहिला असता तर श्वासाला जागा नव्हती. ती त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिली, मग तिने तो हळूच पुसला.

श्वासाच्या खुणा घालून तिने पुन्हा मखमली लावली. घुमाऱ्याने सगळ्या खुणा गिळून टाकल्या. धून तशीच अखंड, गोड, बिनमाणसाची. मग कोरडी लावली. ओबो रुक्ष वाजला, व्हायोलिनं फटकून. पण खूण आली तिथे सूर थांबला, आणि त्या इवल्या पोकळीत कुणीतरी जुनं सोडून नवं आत घेतलं.

"ही पाठवली तर हातची संधी जाईल गं," चिमणी म्हणाली.

"जाईल कदाचित," आत्या म्हणाली. ती खोटा धीर कधी द्यायची नाही. खाली वाकून ती मटार वेचू लागली.

पाच वाजायला वीस मिनिटं असताना चिमणीने कोरडी पाठवली.

मंगळवारी सकाळी संचालकांचा फोन आला. "रेकॉर्डिंग फार कोरडं आहे हो तुमचं. दोन सभासदांनी तर सरळ नाही म्हटलं. पण आमच्या ओबोवाल्या बाई पान घेऊन कोपऱ्यात बसल्या, बोटं चालवत. शेवटपर्यंत गेल्या आणि म्हणाल्या, हे वाजवता येईल. सोमवारी दहाला पहिली तालीम. याल ना?"

"हो, येते," चिमणी म्हणाली.

आत्याने कपाट उघडलं, ओबोच्या पेटीतून पेन्सिलीचं एक झिजकं थोटूक काढलं आणि तिच्या हातावर ठेवलं.

"ने सोबत. बाई तुझे श्वास खोडून आपले घालतील. घालू दे."