दारापुढचा चर

आमच्या गल्लीतला चर पाणी खात्याने खणला, म्हणजे पर्यायाने माझ्या नवऱ्याने. तो बुजत नव्हता रस्ते खात्यामुळे, म्हणजे माझ्यामुळे. आम्ही दोघं एकाच इमारतीत, एकाच मजल्यावर बसतो. मध्ये फक्त जिना आहे आणि दोन खात्यांचं जुनं वाकडं.

लग्न झाल्यापासून घरात एक नियम आहे: ऑफिस उंबऱ्याबाहेर. एकमेकांच्या खात्यावर बोललो की ताटावरून उठायची वेळ येते, हे पहिल्याच महिन्यात कळलं होतं. नियम चांगला होता. भोवला तो सासूबाईंना.

त्यांचे गुडघे गेलेले. समोरच्या मावशींची पायरी हेच त्यांचं जग. रोज संध्याकाळी दोघी तिथे बसायच्या आणि गल्लीतल्या प्रत्येकाची हजेरी घ्यायच्या. चर खणला आणि ते बंद पडलं. पलीकडे जायचं तर गल्लीच्या टोकापर्यंत वळसा, तो गुडघ्यांना झेपेना. मग दोघी आपापल्या दारातून ओरडून बोलू लागल्या. पण चुगल्या काही ओरडून करता येत नाहीत, त्यामुळे दोघींची फार उपासमार झाली.

त्यात मावशींच्या मुलीने त्यांना कायमचं आपल्याकडे न्यायचं ठरवलं. येत्या रविवारी.

गुरुवारी जेवताना सासूबाईंनी घरचा नियम मोडला. "त्या चराचं काय अडलंय ते मला आत्ता सांगा. दोघांनीही."

"रस्त्याची उंची ठरल्याशिवाय पाइप किती खोल टाकायचा ते कळत नाही, आई," नवरा म्हणाला. "आणि उंची रस्ते खातं देतं."

"पाणी खात्याने पत्र पाठवून मागितली की देतं," मी म्हणाले.

"मग पत्र पाठवलंस का रे?"

तो भात कालवत म्हणाला, "बाकीच्या गल्ल्यांची पाठवली. आपली मागे ठेवली. लोक म्हणाले असते, बायको त्या खात्यात, म्हणून स्वतःच्या दारातलं आधी उरकून घेतलं."

 आमच्या गल्लीची उंची मी केव्हाच काढून ठेवली होती. न मागता दिली तर लोक म्हणतील, नवऱ्याचं काम म्हणून बाई धावल्या. या धास्तीने मी ती ड्रॉवरमध्ये दाबून बसले होते.

सासूबाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "लोक काय म्हणतील ते झालं," त्या म्हणाल्या. "मी काय म्हणते ते कुणी विचारलं?"

शुक्रवारी त्याचं पत्र जिना ओलांडून आलं आणि चहा गार व्हायच्या आत मी उंची दिली. तरी रविवार काही गाठता येणार नव्हता. चराच्या टोकाशी वीज खात्याची केबल निघाली होती. ती हलवायला त्यांच्या साहेबांची सही हवी, आणि साहेब रजेवर. नुसता तात्पुरता पूल टाकायचा तरी तिन्ही खात्यांची परवानगी लागते. हा नियम माझ्याच खात्याचा आहे.

शनिवारी संध्याकाळी आम्ही माळ्यावरचं जुनं दार काढलं आणि चरावर आडवं टाकलं. नवरा छातीइतक्या चरात उतरून ते खालून दोन्ही हातांनी धरून उभा राहिला. गल्ली बघायला जमली. पलीकडे मावशी हात पुढे करून उभ्या. मी सासूबाईंना धरून चालवू लागले.

मध्यावर त्या थांबल्या. "अगं, हे मंजूर आहे ना?"

"तोंडी मंजुरी आहे," खालून आवाज आला. "पण लवकर चल, आई!"

पायरीवर बसताक्षणी दोघींनी डोक्याला डोकं लावलं आणि हळू आवाजात सुरू झाल्या. मला फार वाईट वाटलं. त्यांच्या किती संध्याकाळी आम्ही बुडवल्या होत्या, आणि त्या परत द्यायला कुठलंच खातं नव्हतं.

नवरा चरातून वर यायला तयार होईना. "त्या परत निघाल्या आणि दार हललं तर?" म्हणाला. मग मीही साडी खोचून खाली उतरले आणि त्याच्या शेजारी उभी राहिले. पाय चिखलात, तिथेच आम्ही पहिल्यांदा मोकळेपणाने ऑफिसचं बोललो. आता कुठल्या गल्ल्या अडल्यात, कुणाला फोन करायचा. भांडणही झालं नाही.

वर कुजबुज चालू होती. मध्येच सासूबाईंचा आवाज आला, "पोरं चांगली आहेत गं दोन्ही. फक्त लोकांना फार घाबरतात."

अंधार पडला तरी त्यांनी हाक मारली नाही. आम्हीही मारली नाही.