फोटोखालची ओळ

"मामा, अभिनंदन कसलं लिवलायसा वो ग्रुपवर?"

कागलहून जिनेंद्रचा फोन होता. आवाज बसलेला. धनपालनं चहाचा कप चाचपत टेबलावर ठेवला.

"का रं? काल फोटो टाकलावतास न्हवं तू?"

"आईचा हुता त्यो. आई गेली, मामा. परवा रात्री. आज रक्षाविसर्जन बी झालं. समदी मलाच इचारायल्यात."

"मला फोन का न्हाय केलास?"

"कुणाकुणाला करू? ग्रुपवर टाकलं की."

धनपाल जन्मापासून आंधळा. बँकेत टेलिफोन ऑपरेटर होता. निवृत्तीनंतर राजारामपुरीतल्या दोन खोल्यांत एकटाच राहायचा. मोबाइल त्याला सगळं वाचून दाखवायचा, पण फोटो आला की नुसतं 'फोटो' म्हणून गप्प व्हायचा. घराण्याच्या ग्रुपवर तर वाढदिवस, बारसं, वास्तुशांती, सगळं बॅनर करूनच यायचं. मग चुलत बहीण राजमतीआक्का, जिनेंद्रची आई, खाली त्याच्यासाठी लिहायची. 'धनपाल, अनुजानं नवी स्कूटर घेतली. चाकाखाली लिंबू ठेवलंय. आदर्शनं फोटोसाठी पोट आत वढलंय.' धनपाल एकटाच मोठ्यानं हसायचा.

या आठवड्यात आक्काची ओळ आली नव्हती. लेकीकडं गेली असेल, असं त्याला वाटलं. काल फोटो आला. पाठोपाठ सगळ्यांचे जोडलेले हात आले. शब्द कुणाचाच नाही. असे हात तर वाढदिवसालाही येत. आपणच मागं कशाला राहायचं, म्हणून त्यानं लिहिलं होतं, 'हार्दिक अभिनंदन! जय जिनेंद्र!'

"डिलीट करा तेवढं," जिनेंद्र म्हणाला.

"करतो. आधी फोटोत काय हाय सांग."

"आईच हाय की."

"तसं न्हवं. कशी हाय?"

जिनेंद्र अडखळला. असं त्याला कुणी कधी विचारलं नव्हतं. "हिरवं लुगडं हाय. चष्मा... नाकावर घसरलाय जरा. भाग्यश्रीच्या लग्नातला हाय."

"हसतीया?"

"व्हय." पलीकडं नाक ओढल्याचा आवाज आला. "शेजारचं माणूस कापलंय. गडबडीत नीट जमलं न्हाय. खांद्यावर कुणाची तरी बोटं ऱ्हायल्यात."

त्या लग्नात धनपाल दिवसभर आक्काच्या खांद्यावर हात ठेवून कार्यालयात हिंडला होता. जेवणाच्या पंगतीत, स्टेजवर, चपला शोधतानासुद्धा. समोर कोण आलं, कुणी काय नेसलंय, ती मान न वळवता सांगत होती.

"वाईट दिसतंय व्हय?" जिनेंद्रनं विचारलं. "बोटं काढून दुसरा टाकू?"

धनपालचा उजवा हात टेबलाच्या कडेवर होता. त्यानं तो हलवला नाही.

"नगं," तो म्हणाला. "ऱ्हाऊ दे."