तिसरा तुकडा जमनीकडे आहे

मी एक जुनी पुली आहे, मित्रांनो. पट्टा फिरवणारे बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे, चाक. आता माझे तीन तुकडे झाले आहेत, म्हणून गोष्टही तुकड्यातुकड्यांनीच सांगते.

पहिला तुकडा

घाटंजीच्या एका पिठाच्या गिरणीत मी वीस वर्षे फिरले. सावकाश. किती पट्टे आले आणि तुटले, मी झिजले नाही. लोक कौतुक करत. मग गिरणी बंद पडली आणि मी फुलसावंगीला, संघदीप टर्नरच्या दुकानात, भंगारात येऊन पडले.

दुसरा तुकडा

खेमसिंग सोयाबीनचे मळणीयंत्र घेऊन गावोगाव जाई. यंत्राचा ढोल जास्त वेगाने फिरावा म्हणून त्याला लहान पुली हवी होती. आधीची अल्युमिनियमची होती, ती एका हंगामात झिजली. त्याने मला हातात तोलून पाहिले.

"काका, बीड नका घेऊ," संघदीप म्हणाला. "एवढ्या वेगात ते फुटते. मी यवतमाळहून पोलाद आणतो. दोन दिवस थांबा."

"आभाळ थांबून राह्यलं का दोन दिवस?"

कापलेले सोयाबीन उघड्यावर होते. खेमसिंगने एकच विचारले, हे झिजते का? संघदीपने खरे ते सांगितले. झिजत नाही.

"मंग झालं."

संघदीपच्या लेथवर कातून मी लहान झाले. माझी कड पातळ झाली. पोलाद आधी वाकते, म्हणजे सांगते. बीड काहीच सांगत नाही.

तिसरा तुकडा

तिसऱ्या दिवशी, भर दुपारी, मी फुटले. दोन तुकडे मातीत गेले. तिसरा खेमसिंगच्या बायकोच्या कोपरात. जमनी यंत्रात पेंढ्या टाकत होती. डॉक्टरांनी मला काढले, पण तिचा उजवा हात गेला.

पाऊस त्या आठवड्यात आलाच नाही.

यंदा खेमसिंग माझे दोन तुकडे घेऊन संघदीपकडे आला. वेल्डिंग करून दे म्हणाला, कडबा कापायच्या यंत्राला तरी लावू.

"तिसरा कुठी हाय, काका?"

खेमसिंगने हातातले दोन तुकडे लेथवर ठेवले. "तुही काकी देत नाही. म्हणते, जोडला का तू पुन्हा फिरवशीन."

मित्रांनो, धातू निवडताना तो किती झिजतो एवढेच विचारू नका. तुटेल तेव्हा जवळ कोण उभे असेल, तेही विचारा.

तिसरा तुकडा चुलीमागच्या कोनाड्यात आहे. जमनी रोज डाव्या हाताने तो चाचपून पाहते. आहे ना, एवढेच. मला जोडू नका.