बाभळीआडचा लांडगा

शेहेचाळीस साली दिवाळी उलटल्यावर जतच्या माळावर सिनेमाची कंपनी उतरली. सोबत छत्तीस माणसं, एक कॅमेरा आणि सर्कशीतून आणलेला पिंजऱ्यातला लांडगा. त्याच्या वासानं माळावरचे ससे तीन दिवसांत थेट विजापुराकडं राहायला गेले.

आकाराम धनगरानं मेंढरं द्यायचं कबूल केलं होतं. लांडग्याचं कुणी बोललं नव्हतं. पिंजरा बघून त्यानं मेंढरं मागं वळवली. साठातल्या चाळीस मेंढ्या गाभण होत्या.

"सायेब, त्यो सोडू नगा. भ्याल्या तर पोटातली कोकरं टाकतील," तो डायरेक्टर नानासोंना म्हणाला.

"लांडगा दिसलाच नाही तर लोक भितील कशाला? उद्या सकाळी सोडायचा. मुसकं बांधू त्याला."

"मुसकं मेंढ्यांस्नी कळतंय व्हय?"

नानासो हसून चहाकडं वळले. आकाराम मात्र त्या तीनपायी यंत्राभोवती घुटमळत राहिला. कॅमेरावाला बाळासो मोकळा माणूस. म्हणाला, "बघायचंय, मामा? लावा डोळा."

आकारामनं डोळा लावला तो काढीचना. आत सुपाएवढा माळ होता, बाभळीचं झुडूप होतं. पण शेजारचा पिंजरा नव्हता. डोळा काढला की पिंजरा आहे, लावला की नाही. असं त्यानं सतरा वेळा करून पाहिलं.

"ह्यात न्हाई ते बघणाऱ्याला दिसतच न्हाई म्हणा की."

"नाहीच."

"मग झुडपामागं लांडगा न्हाई, हे तरी त्याला कोण सांगणार?"

बाळासोची विडी तोंडातच विझली.

सकाळी दोघं नानासोंपुढं उभे राहिले. "पस्तीस वर्सं मेंढरं राखतोय, सायेब," आकाराम म्हणाला. "लांडगा चारदाच बघितला. भ्याव मात्र मेंढरांच्या तोंडाकडं बघूनच वाटतंय. एक डाव बघा. न्हाई पटलं तर सोडा तुमचा लांडगा."

बाळासोनं कॅमेरा मेंढ्यांच्या गुडघ्याइतका खाली आणला. नानासो पोटावर झोपून आत बघू लागले. जाळीच्या कुंपणात मेंढ्या रवंथ करत बसलेल्या. आकारामनं शीळ घातली.

एका मेंढीचा जबडा थांबला. मग दुसरीचा. बघता बघता साठ माना वर, साठ जोड कान एकाच दिशेला. बाळासोनं कॅमेरा हळूच तिकडं वळवला. झुडूप. एक फांदी हलली. बाकी काही नाही. पुन्हा मेंढ्या. पुन्हा झुडूप. आता अलीकडची फांदी हलली.

"पिंजरा कोणी उघडला रे?" असं ओरडत नानासो पडल्या जागेवरून जे उडाले ते बैलगाडीच्या जुवावर बसले.

पिंजरा बंद होता. लांडगा घोरत होता. झुडपामागून आकारामची बायको हरणाबाई मिठाची पिशवी घेऊन बाहेर आली. आठवड्यातून एकदा ती मेंढरांना मीठ चारायची. पिशवी खुळखुळली की त्यांचे जबडे असे थांबायचे.

"भ्याल्यात कुटं, सायेब? हावरटपणा हाय त्यो!"

नानासो खाली उतरले. दुपारी लांडगा परत पाठवला आणि मेंढ्या-झुडपाचा तोच प्रकार पुन्हा करवून चित्रात घेतला. मग खडकावर चढून उंचावरून त्यांनी आणखी एक चित्र घेतलं: भल्या थोरल्या माळावर अंगठ्याएवढं एकटं कोकरू. मेंढ्या आणि झुडूप यांच्या मध्ये तेवढं बसवलं की झालं.

त्या हंगामात चाळीस मेंढ्यांनी एकेचाळीस कोकरं दिली.

पुढल्या साली जतला तंबूत तो खेळ लागला. पडद्यावर मेंढ्यांचे जबडे थांबले, तसे तंबूत शेंगा खाणाऱ्यांचेही थांबले. बाहेर आल्यावर एक जण म्हणाला लांडगा करडा, दुसरा म्हणाला काळा. पलटणीतून आलेल्या गड्यानं तर तो एका डोळ्यानं आंधळा असल्याची शपथ घेतली. आकाराम मिशीत हसत होता.

वाटेत हरणाबाई हळूच म्हणाली, "आवं, खरं सांगा. मी मीठ घेऊन बसले व्हते, तवा त्यो लांडगा माज्या किती मागं व्हता?"

"आगं येडे, तितं तूच व्हतीस की!"

"मी मेंढरांकडं बघत व्हते. पाठीमागचं मला कुटं दिसतंय?"

आकारामला हसू आलं. दुसऱ्या दिवशी मात्र त्यानं कोकरांसकट सगळी मेंढरं त्या झुडपाला अर्धा कोस वळसा घालून नेली.